उथळ पाण्याचे मोजमाप
(रायपूर येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नद्या व त्यांचे पाणी या विषयावरील जी पुस्तिका आता मराठीत आपल्या हाती येत आहे, तिच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. अनुवादकाने बोलावे ते बहुधा भाषेविषयी, अशी अपेक्षा असते. मराठी वाङ्मय हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्याने जलशास्त्राच्या वाटेस जाऊ नये, असेही कोणी म्हणेल. परंतु शास्त्रीय पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्याला शब्दामागील वस्तू ओळखल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. पाणी मोजणे म्हणजे नेमके काय करणे, हे कळल्याशिवाय त्यासाठी मराठी शब्द सापडत नाही, आणि सापडला तरी तो वाचकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आज मी शब्दापासून आरंभ करून वस्तूकडे जाणार आहे. माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा एकच आहे, व तो आरंभीच सांगून ठेवणे बरे: नदीत पाणी भरपूर असते तेव्हा ते मोजणे कष्टाचे व जोखमीचे असले, तरी मापातील लहानसहान चूक खपून जाते, पाणी थोडे असते तेव्हा मात्र ते मोजणे सर्वांत अवघड होते, आणि नेमके त्याच वेळी त्याच्या मापाची गरज सर्वांत अधिक असते.

प्रथम शब्द पाहू. 'विसर्ग' म्हटले की आपल्यासारख्यांना अक्षरापुढील दोन टिंबे आठवतात. पण पावसाळ्यात कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडावे, तर अमुक धरणातून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग सुरू झाल्याची बातमी असते. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, सोडणे किंवा बाहेर टाकणे. वैयाकरणांचा विसर्ग श्वासाचा, तर अभियंत्यांचा पाण्याचा. नदीच्या संदर्भात विसर्ग म्हणजे एका ठरावीक जागेवरून एका सेकंदात पुढे जाणाऱ्या पाण्याचे घनमान होय. सेकंदास एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक; ते सुमारे 28.3 लिटर भरते. सेकंदास एक घनमीटर पाणी म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक. वर्तमानपत्रांतच येणारा दुसरा शब्द टीएमसी. तो एक अब्ज घनफुटांचा वाचक असून त्याने साठा सांगितला जातो. क्युसेक हा दर आहे आणि टीएमसी ही रास आहे, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी पाण्याविषयीच्या बातम्यांतील निम्मा गोंधळ दूर होतो.

एक क्युसेक पाणी दिसावयास अगदी क्षुल्लक असते. शेतातल्या एखाद्या चारीतून ते सहज वाहून जाते. परंतु तेच दिवसभर अखंड वाहिले, तर चोवीस तासांत सुमारे साडेचोवीस लाख लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे दरमाणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरण्यात येते. त्या हिशेबाने एक क्युसेक म्हणजे सुमारे अठरा हजार माणसांचे पाणी. हा आकडा आपण मनाशी बाळगून ठेवावा. पुढे तो वारंवार उपयोगी पडणार आहे.

आता मापाकडे वळू. वाहते पाणी मोजण्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. नदी आडवी कापली आहे अशी कल्पना केली, तर पाण्याने व्यापलेल्या छेदाचे क्षेत्रफळ किती, ही पहिली. आणि पाणी त्या छेदातून किती वेगाने जाते, ही दुसरी. दोहोंचा गुणाकार म्हणजे विसर्ग. आज हे इतके उघड वाटते की, ते कळावयास माणसाला शतके लागली यावर विश्वास बसत नाही. इसवी सन 97 मध्ये फ्रॉन्टिनस हा रोम शहराच्या जलव्यवस्थेचा प्रमुख झाला. नगराला पाणी आणणाऱ्या कालव्यांचा त्याने लिहिलेला वृत्तांत आजही उपलब्ध आहे. त्या काळी पाणी मोजीत असत ते नळाच्या तोंडाच्या आकारावरून, आणि त्याचे परिमाण होते 'क्विनारिया'. फ्रॉन्टिनसने दप्तर तपासले तेव्हा आवक 12,755 क्विनारिया आणि वाटप मात्र 14,018 क्विनारिया असे आढळले. आले त्याहून वाटले अधिक, हा चमत्कार कागदावरच घडू शकतो. त्याने पाणीचोरांना व लबाड कामगारांना दोष दिला, आणि तो बराचसा खराही होता. पण ज्या मापात वेगाला स्थान नाही ते माप मुळातच पांगळे असते. पाण्याच्या वेगाचा परिणाम फ्रॉन्टिनसच्या नजरेस आला होता. तो हिशेबात धरण्याची रीत मात्र त्याच्यापाशी नव्हती.

इटलीत बेनेदेत्तो कास्तेल्ली याने 1628 साली वाहत्या पाण्याच्या मापावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा क्षेत्रफळ व वेग यांचा हा संबंध स्पष्टपणे मांडला गेला. 1732 मध्ये फ्रान्समध्ये आंरी पितो याने वाकविलेल्या काचनळीने सेन नदीचा वेग मोजला. 1790 मध्ये जर्मनीत वोल्टमान याने प्रवाहात फिरणाऱ्या चक्राचे यंत्र वर्णिले. 1882 मध्ये अमेरिकेत विल्यम प्राइस याने पेल्यांच्या चक्राचे मापक तयार केले. आपल्या नद्यांवर आजही वापरात असलेली वेगमापके बहुतांशी याच घराण्यातील आहेत.

परंतु यंत्राकडे जाण्यापूर्वी, यंत्रावाचून काय करता येते ते पाहू. छत्तीसगडी भाषेत ओढ्याला 'नरवा' म्हणतात. अशा एखाद्या नरव्याचा वीस मीटर लांबीचा सरळ भाग निवडावा. तेथे वळण नसावे, मध्ये मोठे दगड अथवा झुडपे नसावीत. दोन्ही टोकांना काठावर खुणा रोवाव्यात. पात्राची रुंदी मोजावी आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ठरावीक अंतरावर काठीने खोली मोजून तिची सरासरी काढावी. समजा रुंदी चार मीटर आणि सरासरी खोली पाव मीटर आहे. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर झाले. आता वरच्या खुणेच्या थोडे आधी एक संत्रे पाण्यात सोडावे. संत्रे यासाठी की, ते जवळजवळ बुडालेले राहते, त्यामुळे वाऱ्याच्या तडाख्यात सापडत नाही, आणि रंगाने ठळक असल्यामुळे डोळ्यांना सुटत नाही. नागपूरच्या बागांची कृपा असल्यामुळे ते आपल्याकडे दुर्मिळही नाही. वीस मीटर जावयास त्याला पन्नास सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास 0.4 मीटर झाला.

येथे घाईने गुणाकार करून चालत नाही. पाणी सर्वत्र सारख्या वेगाने वाहत नसते. तळाला व काठांना घासून जाणारे पाणी मंद असते आणि वरचे चपळ. म्हणून पृष्ठभागावरील वेग सुमारे 0.85 ने गुणून सरासरी वेग काढतात. आपल्या उदाहरणात तो 0.34 मीटर येईल आणि विसर्ग सेकंदास 340 लिटर, म्हणजे सुमारे बारा क्युसेक ठरेल. मात्र हा 0.85 चा गुणक बऱ्या खोलीच्या, सपाट तळाच्या प्रवाहासाठी आहे. ओढा उथळ असून तळाशी गोटे पसरलेले असतील, तर तळाचे घर्षण पृष्ठभागापर्यंत पोहोचते आणि गुणक बराच खाली येतो. म्हणजे पाणी जितके पातळ, तितका आपला अंदाज डळमळीत.

आता यंत्राने मोजणारे लोक उथळ नदीत काय करतात ते पाहू. पाण्यात उतरून चालता येत असेल, तर पुलाची वा नावेची जरुरी नसते. खोलीचे मीटर आणि सेकंदाला कापलेले मीटर यांचा गुणाकार एकापेक्षा कमी भरत असेल, तरच पाण्यात उतरावे, असा साधारण दंडक आहे. या काठापासून त्या काठापर्यंत फीत ताणून बांधतात. तिच्यावरील वीस-पंचवीस ठिकाणी खोली व वेग मोजावयाचा असतो. कोणत्याही एका भागातून एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक पाणी जाऊ नये, अशी ती ठिकाणे निवडतात. खोल पाण्यात वेग दोन ठिकाणी घेतात, पृष्ठभागापासून खोलीच्या दोन दशांशावर व आठ दशांशावर. उथळ पाण्यात दोन मापांना जागाच नसते. तेथे सहा दशांशावरील एकच माप सरासरीच्या जवळ येते, असा अनुभव आहे. मोजणाऱ्याने यंत्राच्या खालच्या अंगास, थोडे बाजूला सरून हात लांब करून उभे राहावयाचे असते, कारण त्याचे स्वतःचे पायच पाण्याचा वेग बदलून टाकतात. पाण्यातील चक्र ठरावीक वेळात किती फेरे घेते ते मोजून त्यावरून वेग काढतात. अर्ध्या मीटरहून उथळ पाण्यासाठी प्राइसच्या मापकाचे दोन पंचमांश आकाराचे छोटे भावंड वापरतात. फार पातळ पाण्यात तेही पुरते बुडत नाही.

चक्राच्या किती फेऱ्यांना किती वेग, हे मुळात ठरते कसे? त्याचे उत्तर पुण्याजवळ आहे. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचा आरंभ 1916 साली झाला. तेथे स्थिर पाण्याच्या लांब हौदावरून रुळांवर एक गाडा ठरावीक वेगाने ओढला जातो व त्याला टांगलेले वेगमापक पाण्यातून फिरते. वाहत्या पाण्यात यंत्र स्थिर धरावे अथवा स्थिर पाण्यातून यंत्र ओढावे, चक्राच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. अशा रीतीने प्रत्येक मापकाचे समीकरण निश्चित होते. देशातील वेगमापके तपासणीसाठी तेथे जातात. मापाचेही माप घ्यावे लागते, आणि ते कोठे व केव्हा घेतले याची नोंद ठेवावी लागते. नाही तर सर्व आकडे कागदावरच बरोबर राहतात.

या सर्व खटाटोपात उथळ पाणी का छळते, हे एका साध्या हिशेबाने कळेल. पात्र तीन मीटर खोल असताना खोली मोजण्यात एका सेंटिमीटरची चूक झाली, तर ती शेकडा एक तृतीयांश एवढीच. तीच चूक दहा सेंटिमीटर खोल पाण्यात झाली, तर ती शेकडा दहा. वेगाच्या मापातील चूक तिच्यात मिसळली की उन्हाळ्यातील ओढ्याचे माप शेकडा वीसने इकडे-तिकडे होणे काही अशक्य नाही. एखाद्या नदीत वीस क्युसेक पाणी आहे असे धरले, तर त्यात चार क्युसेकची चूक झाली. मघाच्या हिशेबाप्रमाणे ते सुमारे बहात्तर हजार माणसांचे पाणी. महानदीवर नराज येथून महापुरात पंधरा लाख क्युसेकहून अधिक पाणी गेल्याच्या नोंदी आहेत. तेथे चार क्युसेक कोणाच्या खिजगणतीतही नसतात. वैशाखात मात्र ते एका गावाचे आयुष्य असते.

मग उथळ पाणी विश्वासाने मोजावे कसे? लहान ओढ्यासाठी सर्वांत जुना व भरवशाचा उपाय म्हणजे खाचेचा बंधारा. ओढ्यावर आडवी फळी अथवा पत्रा बसवून त्यात काटकोनाची त्रिकोणी खाच कापतात व सर्व पाणी तिच्यातून खाली पडू देतात. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच उभे आहे, एवढेच मोजावयाचे. दहा सेंटिमीटर उंची असेल, तर सेकंदास सुमारे 4.4 लिटर पाणी जाते. वीस सेंटिमीटर असेल, तर सुमारे 25 लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक वाढते. थोडे पाणीही या अरुंद टोकात स्पष्ट उंची दाखविते, हाच त्रिकोणाचा गुण. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. उंची खाचेच्या काठावर न मोजता तिच्या मागे, उंचीच्या चौपट अंतरावर तरी मोजावी, कारण काठाशी पाणी झुकलेले असते. आणि खाली पडणारे पाणी मोकळे पडावे. खालचे पाणी खाचेपर्यंत चढले की माप संपले.

डोंगराळ, दगडांतून उसळत जाणाऱ्या ओढ्यात फळी बसत नाही आणि चक्रही नीट फिरत नाही. अशा ठिकाणी मीठ उपयोगी पडते. मिठाचे दाट पाणी वरच्या बाजूस ठरावीक धारेने ओततात, आणि पुढे ते पुरते मिसळल्यानंतर पाण्यातील क्षार किती विरळ झाला ते विद्युत्‌वाहकता मोजणाऱ्या यंत्राने तपासतात. ओतलेली धार सेकंदास एक दशांश लिटर असून मीठ हजारपट विरळ झाले असेल, तर ओढ्यात सेकंदास सुमारे शंभर लिटर पाणी वाहत आहे असा अर्थ. ओढ्याच्या पाण्यात मुळातच असलेला क्षार अर्थात आधी वजा करावा लागतो. येथे रुंदी, खोली, वेग यांपैकी काहीच मोजावे लागत नाही. जो खळखळाट इतर पद्धतींचा शत्रू, तो येथे मित्र होतो, कारण तोच मीठ मिसळवून टाकतो.

आता आपल्या परिसरातील नद्यांकडे येऊ. महानदी धमतरी जिल्ह्यात सिहावाच्या डोंगरांत उगम पावते. राजिम येथे पैरी व सोंढूर यांचे पाणी तिला मिळते, आणि पुढे शिवनाथ येऊन मिळते. रायपूरची खारून ही त्या शिवनाथचीच उपनदी. केंद्रीय जल आयोगाची प्रवाहमापन केंद्रे खारूनवर पाथरडीही येथे, शिवनाथवर सिमगा व जोंधरा येथे आणि महानदीवर राजिम व बसंतपूर येथे आहेत. नदीच्या काठावर उभी केलेली मोजपट्टी सकाळी आठ वाजता वाचतात. विसर्ग प्रत्यक्ष मोजलेल्या दिवसांवरून पातळी व विसर्ग यांचा एक वक्र काढून ठेवतात. एरवी पट्टीवरील पातळी वाचून त्या वक्रावरून पाण्याचा आकडा मिळतो.

पद्धत सुटसुटीत आहे. पण तिच्यामागे एक गृहीत आहे. पात्राचा तळ बदलत नाही, हे ते गृहीत. महानदीचा तळ वाळूचा आहे. प्रत्येक पुरानंतर वाळू सरकते; कोठे खड्डा पडतो, कोठे बेट उगवते. पुराच्या पाण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नसला, तरी वक्राचे खालचे टोक, म्हणजे उन्हाळ्यातले थोडे पाणी दाखविणारा भाग, दरवर्षी नव्याने तपासावा लागतो. राजिमला माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत नदीच्या वाळवंटातच यात्रा भरते. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको. नदीचे रुंद पात्र समोर पसरलेले असते व पाणी मात्र दोन-तीन पातळ धारांनी, एकमेकींना चुकवीत जात असते. अशा वेळी मोजपट्टी वाळूत कोरडी उभी असली आणि धार दुसऱ्या काठाने जात असली, तर पट्टीचा आकडा खरा व अर्थ खोटा होतो. शिवाय काही पाणी वाळूच्या पोटातून वाहत असते. पात्रात झिरे खणून पाणी भरणाऱ्या बायकांना ते ठाऊक असते. वेगमापकाच्या चक्राला ते कळत नाही.

रायपूर शहराचेच पाहा. उन्हाळ्यात गंगरेलच्या जलाशयातून कालव्यात सोडलेले पाणी खारूनमध्ये येते आणि भाटागावजवळ शहरासाठी उपसले जाते. जलाशयाच्या दारातून किती सुटले आणि भाटागावला किती पोहोचले, या दोन आकड्यांत अंतर पडणारच. काही पाणी कालव्याच्या तळातून झिरपते, काही उन्हाने उडून जाते, काही वाटेत उचलले जाते. हे अंतर किती व कोठे पडते, हे मधल्या जागी मोजल्याशिवाय समजत नाही. न मोजलेल्या अंतराविषयी तर्क मात्र भरपूर होतात. वरचा खालच्याला उधळ्या म्हणतो आणि खालचा वरच्याला चोर. रोममध्ये जे झाले तेच येथेही होऊ शकते.

पाण्याच्या मापावर राज्यांचे भवितव्य कसे ठरते, याचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने विजयवाडा येथील 1894-95 ते 1971-72 या 78 वर्षांच्या प्रवाहाचा आधार घेतला. शंभरांतील पंचाहत्तर वर्षे मिळेल असे भरवशाचे पाणी 2,060 टीएमसी आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि त्यापैकी महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 व आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी देण्यात आले. ब्रिटिश अमदानीत बंधाऱ्यावरील पातळी टिपून ठेवणाऱ्या कोणा कारकुनाच्या मनातही आले नसेल की, आपल्या वहीवर पुढे तीन राज्यांची वाटणी व्हावयाची आहे.

महानदीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. 28 एप्रिल 1983 रोजी तत्कालीन मध्य प्रदेश व ओडिशा यांच्यात संयुक्त नियंत्रण मंडळाविषयी करार झाला. 2000 साली छत्तीसगड राज्य वेगळे झाले. पुढे महानदीवर समोदा, शिवरीनारायण, बसंतपूर, मिरौनी, साराडीह व कलमा येथे बंधारे उभे राहिले. त्यांमुळे पावसाळ्यानंतर हिराकुडच्या जलाशयात येणारे पाणी घटते, अशी ओडिशाची तक्रार. छत्तीसगडचे म्हणणे असे की, खोऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग आपल्या भूमीत असूनही आपण वापरतो ते पाणी थोडेच. 2016 मध्ये ओडिशाने केंद्राकडे धाव घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर 12 मार्च 2018 रोजी लवाद नेमण्यात आला. न्याय कोणाच्या बाजूचा, हे सांगण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. परंतु तंट्याचे स्वरूप ध्यानात घ्यावे. भांडण पुराच्या पाण्याचे नाही, नोव्हेंबर ते मे या काळातल्या उथळ पाण्याचे आहे. म्हणजे ज्या पाण्याचे माप सर्वांत कच्चे, त्याच पाण्यासाठी सर्वांत मोठा वाद.

शिवनाथची हकीगतही येथे सांगितली पाहिजे. 1998 साली दुर्गजवळ बोरई येथे बंधारा बांधून उद्योगांना पाणी पुरविण्याचा 22 वर्षांचा करार तत्कालीन मध्य प्रदेशाच्या औद्योगिक महामंडळाने एका खाजगी कंपनीशी केला. नदीचा तेवीस किलोमीटरांहून थोडा अधिक पट्टा त्यात गुंतला. काठच्या गावकऱ्यांनी मासेमारीला व पंपांना अटकाव होत असल्याची तक्रार केली, आणि नदी विकता येते काय, हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्या करारात एक आकडा होता: पाणी वापरले जावो वा न जावो, दररोज किमान चाळीस लाख लिटरांचे पैसे महामंडळाने द्यावयाचे. आपल्या हिशेबात हे पाणी दीड क्युसेकहून थोडेसे अधिक होते. नळातून गेलेल्या त्या दीड क्युसेकचे माप लिटरालिटराने ठरलेले होते. पात्रात उरलेल्या पाण्याचे, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याखालच्या व शेतकऱ्याच्या पंपाखालच्या पाण्याचे, तितकेच काटेकोर माप गावकऱ्यांच्या हाती असते, तर त्यांच्या तक्रारीला आकड्याचा आधार मिळाला असता. ज्याच्यापाशी माप असते त्याचे म्हणणे दप्तरात जाते. ज्याच्यापाशी ते नसते त्याचे गाऱ्हाणे ठरते.

आज ध्वनिलहरींच्या साहाय्याने क्षणात संपूर्ण छेदाचा वेग टिपणारी यंत्रे आली आहेत, पुलाखाली बसवून पाण्याला स्पर्श न करता वेग सांगणारी यंत्रेही आहेत. भरल्या नदीवर त्यांचे काम डोळे दिपविणारे असते. पण ध्वनिलहरींच्या यंत्राला पृष्ठभागाजवळचे व तळाजवळचे काही पाणी दिसत नाही. आणि प्रवाहच वीतभर असेल, तर वरचे व तळाचे वगळून उरते काय? म्हणून वैशाखातल्या नदीत आजही माणसाला पाण्यात उतरावे लागते, फीत ताणावी लागते, आणि धीराने एकेका ठिकाणी सेकंद मोजावे लागतात.

ही पुस्तिका अभियंत्यांसाठी नाही. ग्रंथालयात बसून वाचणाऱ्या सामान्य वाचकासाठी ती आहे. तिच्यातील शब्द निवडताना म्हणूनच एक धोरण ठेवले. जेथे लोकांच्या तोंडी शब्द आहे, तेथे तोच घेतला: पाट, चारी, बंधारा, सांडवा, खाच, डोह. जेथे परकीय शब्दच रुळला आहे, तेथे क्युसेकसारखा शब्द तसाच राहू दिला, कारण तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना तो कळतो. जेथे दोन्ही नव्हते तेथेच नवा शब्द केला. पाण्याचे शास्त्र कचेरीच्या भाषेत अडकून पडले, तर पाण्याचे आकडेही कचेरीतच राहतात.

शेवटी एक सूचना करतो. आपल्या भागातील एखाद्या शाळेने एक नरवा निवडावा. पावसाळा संपल्यापासून तो आटेपर्यंत दर आठवड्यास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, मुलांनी त्याची रुंदी, खोली व वेग मोजावा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावा. सोबत एक मोठा मनुष्य असावा व पाणी पोटरीच्या वर असेल, तर कोणी आत उतरू नये. जागा बदलू नये, पद्धत बदलू नये, आणि ज्या दिवशी मोजले नाही त्या दिवशीचा रकाना कोरा ठेवावा. तो अंदाजाने भरू नये. एका वर्षात त्यातून काही सिद्ध होणार नाही. दहा वर्षांत मात्र पाऊस संपल्यावर हा नरवा किती आठवडे वाहतो, पूर्वीपेक्षा लवकर आटू लागला काय, वर बांधलेल्या बंधाऱ्याने त्याला आयुष्य दिले की त्याचे पाणी तोडले, या प्रश्नांना त्या गावापाशी स्वतःचे उत्तर असेल. अशा वहीला पाच रुपयांची पेन्सिल, एक फीत, एक घड्याळ व एक संत्रे यांपलीकडे खर्च नाही. नेमाने लिहिणारा हात मात्र लागतो, आणि तो कोणतेही खाते पुरवू शकत नाही. तो गावानेच पुरवावा लागतो.